लंडनचा भाव विट्यात, विट्याची बातमी कुठे?

(सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या, विट्याकडच्या एका मुलीचं पत्र. नाव न छापण्याची तिची विनंती आहे. पत्र लांब होतं, थोडक्यात देते.)

'मावशी, मी २१ वर्षांची आहे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, इंग्रजी विषय. पप्पांचं कोइमतूरला गलाईचं, म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं, दुकान आहे. सातवीपर्यंत मी तिकडंच शिकले, मग आजीजवळ गावी आले. मला जागतिक संवाद आणि आंतरराष्ट्रीय माध्यमं या विषयात एम.ए. करायचंय. सांगलीतल्या एका सल्लागारानं इंग्लंडमधला एक वर्षाचा कोर्स सुचवलाय. फी, राहणं, विमान सगळं धरून ३२ लाख सांगितलेत. आजी म्हणते, बाग गहाण टाकू. पप्पा फोनवर म्हणाले, "बातम्या वाचायला परदेशात कशाला जायला लागतंय? गुमान बी.एड. कर." माझं इंग्रजी गावठी आहे. तमिळ येतं, पण त्याचा इथं काही उपयोग नाही, उलट कॉलेजात पोरी चेष्टा करतात. हा विषय खरंच काही आहे का, का नुसतं मोठं नाव? आत्ता जाऊ का? आणि पप्पांना समजावू कसं?'

पोरी,

प्रश्न तू तीन विचारलेस, पण मी पप्पांच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो चिडून विचारलेला असला तरी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर त्यांच्याच दुकानात आहे.

सकाळी दुकान उघडलं की पप्पा पहिलं काय बघतात? भाव. मूस तापवायच्या आधी, गिऱ्हाइकाची मोड, म्हणजे मोडायला आणलेला दागिना, हातात घ्यायच्या आधी, मोबाइलवर भाव. तो काही कोइमतूरच्या सराफकट्ट्यावर ठरत नाही. लंडनला कामाच्या दिवशी दोनदा, तिथल्या घड्याळानं सकाळी साडेदहाला आणि दुपारी तीनला, सोन्याचा दर ठरतो. तो असतो डॉलरमध्ये आणि ३१.१ ग्रॅमच्या ट्रॉय औंसाला. लंडनमध्ये असा दर ठरवायची सुरुवात १९१९ साली झाली. त्या दरात मग रुपया-डॉलरचा हिशेब मिसळतो, दिल्लीचं आयात शुल्क मिसळतं. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं, तेव्हा एका भाषणानं देशभरच्या पेढ्यांवरचे दर उतरले होते. पप्पांना तो दिवस आठवत असेल, विचार त्यांना.

आता पुढचं बघ. लंडनचा तो आकडा कोइमतूरच्या गल्लीत कोण आणतं? कुठल्या वाटेनं? मधे कोण पैसे घेतं? आणि उलट्या वाटेनं, त्या गल्लीतलं, किंवा आपल्या विट्यातलं, लंडनला कधी काही कळतं का? हे चार प्रश्न म्हणजेच तुझा विषय. तिथं बातम्या वाचायला शिकवत नाहीत. बातमी कुठून निघाली, कुणाच्या हातातून आली आणि वाटेत तिच्यात काय मिसळलं, हे ओळखायला शिकवतात. पप्पा सोन्याचा टंच, म्हणजे शुद्धता, काढतात ना, तसा बातमीचा टंच काढायचा.

सोन्याचं उदाहरण मी ओढूनताणून आणलेलं नाही. या सगळ्या धंद्याची सुरुवातच भावापासून झाली. पॉल ज्युलियस रॉयटर हा माणूस १८५० साली जर्मनीतलं आखेन आणि बेल्जियममधलं ब्रुसेल्स यांच्यामध्ये कबुतरांच्या पायाला शेअरबाजाराचे दर बांधून पाठवत होता, कारण त्या दोन गावांमधल्या पट्ट्यात तार पोचली नव्हती. पुढच्या वर्षी त्यानं लंडनला कचेरी थाटली. १८६६ ला रॉयटर्सचा माणूस मुंबईत बसला. १८७० मध्ये एडनमार्गे समुद्राखालून तार थेट मुंबईला आली. त्याआधी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्याची खबर १८६५ मध्ये मुंबईत येऊन थडकली, तेव्हा त्या युद्धामुळं आलेल्या कापसाच्या तेजीवर उभ्या असलेल्या किती पेढ्या कोसळल्या हे इतिहासात लिहून ठेवलेलंच आहे. व्यापाऱ्यासाठी भाव आणि बातमी या दोन वेगळ्या गोष्टी कधीच नव्हत्या.

मग १८७० मध्येच युरोपातल्या तीन मोठ्या वृत्तसंस्थांनी, लंडनची रॉयटर्स, पॅरिसची हावास आणि बर्लिनची वुल्फ, जग आपसात वाटून घेतलं. जमीन जशी गटवार वाटतात तसं. हिंदुस्थान रॉयटर्सच्या वाट्याला गेला. म्हणजे मुंबईच्या माणसाला पॅरिसमध्ये काय चाललंय ते कळणार तेही लंडनमार्गे, आणि पॅरिसच्या माणसाला मुंबईचं कळणार तेही लंडनमार्गेच. स्वातंत्र्याच्या वर्षी पीटीआय या भारतीय वृत्तसंस्थेची नोंदणी झाली आणि १९४९ पासून देशातल्या बातम्यांचं काम तिनं हाती घेतलं, त्याचं महत्त्व या पार्श्वभूमीवर बघायला हवं. तारा गेल्या, आता समुद्राखालून काचेचे धागे आहेत आणि खंडाखंडांमधला जवळजवळ सगळा इंटरनेटचा भार तेच वाहतात. उपग्रहाचा त्यात वाटा अगदी थोडा. यातले बरेच धागे आजही मुंबईच्याच किनाऱ्याला लागतात. दीडशे वर्षांत वाट फारशी हललेली नाही, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी नकाशा घेऊन बराच वेळ बसून राहिले होते.

आता माझं सांगते. सांगलीच्या एका दैनिकात मी २२ वर्षं डेस्कवर काढली, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. माझं काम एजन्सीच्या, म्हणजे वृत्तसंस्थांच्या, इंग्रजी बातम्या मराठीत आणणं. २०१० सालची गोष्ट. द्राक्षांचा हंगाम चालू होता आणि युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत सीसीसी या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचा अंश जास्त सापडला. माल अडकला, शेतकरी आणि निर्यातदार दोघंही बुडाले, हे तुमच्या भागाला सांगायला नको. त्या रात्री माझ्यासमोर इंग्रजीत चार ओळी आल्या. काही कन्साइनमेंट नाकारल्याचं त्यात होतं. अंक सुटायची वेळ झाली होती. मी मथळा दिला: 'द्राक्षांवर युरोपची बंदी'.

नाकारणं वेगळं आणि बंदी वेगळी. सकाळी आठच्या आत तासगावकडून फोन सुरू झाले. एका बागायतदारानं मला जे विचारलं ते अजून कानात आहे. तो म्हणाला, 'ताई, व्यापारी तुमचा पेपर घेऊनच बांधावर आलाय. बंदीच आहे म्हणतोय, निम्म्या दरानं दे म्हणतोय. खरंच बंदी आहे का?' त्याला मी खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही खुलासा छापला, आतल्या पानावर. पण त्याचा माल त्या सकाळीच गेला होता.

तो शब्द माझा होता, ही जबाबदारी मी कुणावर ढकलत नाही. पण त्यानंतर मला कळलं की रॉटरडॅमच्या बंदरातून तासगावच्या बांधापर्यंत एक शब्द किती हातांतून येतो आणि त्यातला शेवटचा हात सांगलीतल्या एखाद्या दमलेल्या बाईचा असू शकतो. तो कंटेनर तिथं कुणी उघडला, तपासणीचा अहवाल कुणाला मिळाला, एजन्सीच्या माणसानं कुणाला फोन केला, शेतकऱ्याला कुणी विचारलं का (नव्हतंच विचारलं), हे मला त्या रात्री बघता आलं असतं तर तो मथळा मी दिला नसता. तू ज्या विषयाच्या मागे आहेस तो हे बघायला शिकवतो. मला तो कुणी शिकवला नाही. म्हणून तुला 'हा विषय म्हणजे नुसतं मोठं नाव' असं मी कधीच म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट, तुझ्याही आठवणीतली. ऑगस्ट २०१९. कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. ८ तारखेला ब्रह्मनाळ गावात पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटली. आम्ही सांगलीतले लोक व्हॉट्सॲपवर एकमेकांना विचारत होतो, होडी कुठं आहे, दूध कुठं आहे, अमक्याच्या आईला काढलं का. आणि दिल्लीच्या वाहिन्या लावल्या की काश्मीर. ५ तारखेला ३७० कलमाचा निर्णय झाला होता. लोक चिडले, 'आपण मेलो तरी यांना पत्ता नाही' म्हणाले. मीही म्हणाले.

पण याच आठवड्याकडे अभ्यासकाच्या डोळ्यानं बघ. १९६५ मध्ये योहान गाल्टुंग आणि मारी रूग या दोन नॉर्वेजियन अभ्यासकांनी काँगो, क्युबा आणि सायप्रस इथल्या पेचप्रसंगांच्या बातम्या नॉर्वेच्या चार वर्तमानपत्रांत कशा आल्या, हे मोजून बघितलं. त्याच अभ्यासात त्यांनी बातमी 'मोठी' कशानं होते याचे नियम मांडले. बलाढ्य देश, नावाजलेली माणसं, अचानकपणा, वाईट घडणं, आणि वाचणाऱ्याला ती जागा आपली वाटणं. सांगलीचा पूर या चाळणीतून काढून बघ. पाणी दिवसादिवसानं चढतं, मोठं नाव त्यात नाही, दिल्लीच्या प्रेक्षकाला आयर्विन पूल माहीत नाही. काश्मीर प्रत्येक चाळणीत वर राहतं. आणि त्याच आठवड्यात खुद्द काश्मीरमध्ये फोन आणि इंटरनेट बंद होते. ज्या जागेबद्दल सगळे बोलत होते तिथल्या माणसाला बोलता येत नव्हतं, आणि सांगलीला बोलता येत होतं पण ऐकणारं कुणी नव्हतं. एका आठवड्यात दोन्ही प्रकार. परीक्षेत असा प्रश्न आला तर पुस्तक बाजूला ठेवून हेच लिही.

देशादेशांमध्येही हीच तक्रार झाली. 'आमच्याकडचा फक्त दुष्काळ आणि दंगल तुमच्या पेपरात येते,' असं आशिया-आफ्रिकेतले देश १९७० च्या दशकात उघड म्हणायला लागले. युनेस्कोनं शॉन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्यात आपल्याकडून पत्रकार बी. जी. वर्गीस होते, लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केस होते. १९८० ला अहवाल आला. अमेरिका आणि ब्रिटनला तो मार्ग मानवला नाही. पुढं १९८४ च्या अखेरीस अमेरिका युनेस्कोतून बाहेर पडली, वर्षभरानं ब्रिटन. भांडण तिथं विरलं, प्रश्न विरला नाही. कतारनं १९९६ मध्ये अल जझीरा सुरू केली, रशियानं २००५ मध्ये आपली इंग्रजी वाहिनी काढली, चीननं काढली. प्रत्येकाला वाटायला लागलं, आपली गोष्ट आपणच सांगावी. त्यातली खरी किती आणि सरकारी किती, हा टंच पुन्हा काढावाच लागतो.

हे क्षेत्र किती डळमळीत आहे तेही ऐकून ठेव, नंतर मावशीनं सांगितलं नाही म्हणशील. १९४२ पासून चाललेली, अमेरिकन सरकारच्या पैशावरची व्हॉइस ऑफ अमेरिका ही प्रसारण संस्था मार्च २०२५ मध्ये एका सरकारी आदेशानं जवळपास ठप्प झाली. बीबीसी मराठी २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा आम्हा डेस्कवाल्यांना फार आनंद झाला होता. पण डिजिटल बातम्यांमध्ये परकीय भांडवल २६ टक्क्यांपर्यंतच चालेल असा आपला नियम आल्यावर २०२४ मध्ये भारतातल्या भाषांचं ते काम एका वेगळ्या भारतीय कंपनीकडे द्यावं लागलं. परदेशी कायदा, देशी कायदा, पैसा, यांतलं काहीही हललं की नोकरी हलते. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. आणि सगळेच काही वार्ताहर होत नाहीत. कुणी खोट्या बातम्या तपासण्याच्या कामात जातं, कुणी आंतरराष्ट्रीय संस्थांच्या संपर्क विभागात, कुणी इतर भाषांतल्या बातम्यांवर नजर ठेवून रोज टिपणं काढायच्या कामात.

इथं तुझ्या तमिळवर येते. पत्रात ते तू एका ओळीत उरकलंस, 'काही उपयोग नाही' म्हणालीस. मला ती ओळ वाचून वाईट वाटलं.

अगं, तमिळ ही श्रीलंकेची अधिकृत भाषा आहे, सिंगापूरच्या चार अधिकृत भाषांपैकी एक आहे, मलेशियात ती बोलणारे लाखो लोक आहेत. आपल्या राज्यात आंतरराष्ट्रीय माध्यमांचं नाव काढलं की सगळे इंग्रजीकडे बघतात, फार तर फ्रेंच-जर्मनचा क्लास लावतात. तुझ्याकडं चार देशांत चालणारी भाषा गल्लीत खेळताना आलेली आहे, फी न भरता. माझ्या डेस्कवर कोलंबोची बातमी यायची ती पश्चिमेकडच्या एजन्सीच्या इंग्रजीतून. २२ वर्षांत एकदाही असं झालं नाही की कुणी तमिळ पेपर उघडून, तिकडची माणसं स्वतः काय म्हणतायत ते आम्हाला मराठीत सांगितलं. कोइमतूरहून दिल्लीपेक्षा कोलंबो कितीतरी जवळ आहे, पण बातमीला लंडनचा वळसा. १८७० सालीही तसाच होता, वर लिहिलंय बघ. हा वळसा काढून टाकू शकेल अशी मुलगी मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा पत्र लिहितेय आणि ती म्हणतेय उपयोग नाही.

चेष्टा करणाऱ्या पोरींना काही सांगू नकोस. त्यांना कुठून कळणार.

आता 'आत्ता जाऊ का'. माझं उत्तर नाही असं आहे. या वर्षी नको, ३२ लाखांत नको, आणि बागेवर तर मुळीच नको.

सल्लागार वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. पण तुझ्याकडून तो फी घेत नसेल तर त्याचा पैसा कुठून येतो हे विचार. यातल्या अनेकांना विद्यापीठ मुलामागं कमिशन देतं. म्हणून जिथं कमिशन आहे ती नावं आधी पुढं येतात आणि जिथं शिष्यवृत्ती आहे ती मागं राहतात. इंग्लंडमध्ये या विषयाच्या एम.ए.ची फीच साधारण २० ते ३० हजार पौंड असते. शिक्षणानंतर तिथं राहून काम शोधायला सध्या दोन वर्षं मिळतात, पण २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ती मुदत १८ महिन्यांवर येणार आहे. तेवढ्यात माध्यमात नोकरी, तीही व्हिसा पुरस्कृत करणारी, मिळेल या आशेवर आजीची द्राक्षबाग लावू नये. बहुतेक बँका साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला तारण मागतात, आणि ते तारण म्हणजे तीच बाग.

आणि खरं कारण पैशाचं नाहीच. ज्या चांगल्या शिष्यवृत्त्या आहेत त्या अनुभव मागतात. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग सगळा खर्च उचलते, पण दोन वर्षांच्या कामाचा अनुभव, तासांत सांगायचं तर २,८०० तास, हवा असतो, आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी यावं लागतं. अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू तीन वर्षांचा अनुभव मागते. जर्मनीत बॉनला डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेची अकादमी तिथल्या विद्यापीठांबरोबर आंतरराष्ट्रीय माध्यमांचा एम.ए. चालवते, तीही माध्यमात काम केलेल्यांना घेते. युरोपीय संघाच्या इरास्मुस मुंडुस योजनेत महिन्याला १,४०० युरो मिळतात आणि दोन वर्षांत दोन-तीन देशांत शिकता येतं. डेन्मार्कच्या ऑरहूस विद्यापीठात सुरू होणारा पत्रकारिता, माध्यमं आणि जागतिकीकरण हा अभ्यासक्रम तुझ्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. राज्य सरकारच्याही परदेश शिष्यवृत्त्या आहेत: सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, सारथीची, बहुजन कल्याण विभागाची. तू कुठल्यात बसतेस ते बघ. उत्पन्नाची अट आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाची अट दरवर्षीच्या जाहिरातीत नीट वाच. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस, माझ्याही.

म्हणजे आधी दोन-तीन वर्षं इथं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा जुना विभाग आहे, भारतीय जनसंचार संस्थेचं अमरावतीला केंद्र आहे आणि तिथं मराठी पत्रकारिता शिकवतात. पण तुझ्यासाठी मला सगळ्यात जास्त आवडेल ते चेन्नई. तिथली पत्रकारितेची महाविद्यालयं महाग आहेत हे खरं, तरी प्रवेशाच्या वेळी सवलतीची चौकशी कर. कोइमतूरहून एका रात्रीची गाडी, भाषा येते, पप्पा जवळ. त्यांनाही निम्मी काळजी उतरल्यासारखं होईल.

शिकता शिकता लिहायला लाग. मोठं काही नको. गलाई बांधवांवर लिही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळच्या दुष्काळी पट्ट्यातून माणसं उठली आणि देशभरच्या सराफ पेठांत जाऊन मूस मांडून बसली, तिथल्या भाषा शिकली, यात्रेला गावी येऊन देवळाला देणगी देऊन परत गेली. आपल्याकडं यावर सत्काराच्या बातम्या भरपूर येतात. पण ॲसिडच्या धुरात बसून दिवस काढणं, परप्रांतात चोरीचं सोनं घेतल्याच्या संशयावरून पोलिस दारात येण्याची भीती, मुलांचं अर्धं शिक्षण एका भाषेत आणि अर्धं दुसऱ्या भाषेत होणं, हे आतून कोण लिहिणार? शिष्यवृत्तीच्या अर्जात 'तुम्हीच का' असा एक प्रश्न असतो. हजारो मुलं तिथं 'मला लहानपणापासून जगाचं कुतूहल आहे' असं लिहितात. तुझ्याकडं लिहायला काय आहे ते बघ.

इंग्रजीचं थोडक्यात. गावठी म्हणजे काय? बोलण्याची ढब? नुसत्या ढबीचे मार्क जात नाहीत, उच्चार स्पष्ट कळले म्हणजे झालं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बहुतेक ठिकाणी साडेसहा ते सात लागतात आणि मुलं अडतात ती लिहिण्यात. रोज तासभर हे कर: एकच घटना घे, समज साखर निर्यातीचा निर्णय किंवा हळदीचे भाव. ती एका मराठी दैनिकात, एका इंग्रजी दैनिकात आणि 'दिनतंती'सारख्या तमिळ पेपरात वाच. वर गावाचं नाव कुठलं आहे, एजन्सी कुठली आहे, कुणाचं म्हणणं अवतरणात आहे आणि कुणाला विचारलंच नाही, एवढं वहीत इंग्रजीत दहा ओळी लिही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ ला 'दर्पण' काढलं तेव्हा ते मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी छापत होते. आपल्या पत्रकारितेची सुरुवातच दोन भाषांत झालीय, तू तिसरी घाल. सहा महिन्यांत त्या वहीचं वजन कुठल्याही क्लासच्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त होईल.

राहिले पप्पा. त्यांना पटवायचं म्हणजे हरवायचं, असं मनात असेल तर ते काढून टाक. तुझे पप्पा कितव्या वर्षी कोइमतूरला गेले? पंधराव्या, सोळाव्या? कुणाच्या तरी दुकानात राबून, न कळणारी भाषा ऐकून ऐकून शिकून त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं असेल. परमुलूख म्हणजे काय ते त्यांना तुझ्या सल्लागारापेक्षा नक्की जास्त कळतं. त्यांचा नकार तुझ्या शिकण्याला नाही. एवढा पैसा कशात जातोय ते दिसत नाही, याला तो नकार आहे. गलाईवाला न बघता माल घेत नाही.

तेव्हा यात्रेला ते गावी येतील तेव्हा भावनेनं बोलू नकोस. कागद घेऊन बस. एका कागदावर आत्ता गेलं तर किती खर्च, किती हप्ता, किती वर्षं. दुसऱ्यावर आधी इथं शिकून, दोन वर्षं काम करून शिष्यवृत्तीनं गेलं तर किती. 'इतक्या वर्षांत जमलं नाही तर मी बी.एड. करीन' असंही लिही, आणि ते मनापासून लिही. त्यांना मागे यायची वाट दिसायला हवी. मग त्यांनाच विचार, लंडनचा भाव तुम्हाला कोण सांगतं? आधी कसा कळायचा? एसटीडी बूथवरून? ते बोलायला लागले की तू वही काढ. ती तुझी पहिली मुलाखत समज, आणि मधे मधे थांबवू नकोस.

आजीला सांग, बाग आहे तशी राहू दे. तिनं म्हटलं यातच सगळं आलं.

एक गोष्ट तू पत्रात लिहिलेली नाहीस. तमिळ तुला लिहिता-वाचता येतं, का फक्त बोलता? सातवीपर्यंत तिकडं शिकलीस म्हणजे अक्षरं आली असणार, पण आठ वर्षांत हात सुटला असेल तर आजच पप्पांना फोन करून घरातली तुझी जुनी पुस्तकं मागवून घे. पुढच्या पत्रासोबत एका तमिळ बातमीचं कात्रण पाठव आणि खाली तुझा मराठी अनुवाद. मथळ्याचा शब्द मात्र दोनदा तपासून लिही.

तुझी,
मावशी